पाट रिकामा नाही

किसनराव अर्जनविसांच्या घरात कुठेही बसावं, पण जात्याशेजारच्या पाटावर बसू नये. तो तसा साधा सागवानी पाट, एका कोपऱ्याची पितळी फुली निखळलेली. पण कुणी त्यावर टेकायला वाकलं की किसनराव लिहिता लिहिता कलम वर धरायचे आणि म्हणायचे, "सबूर. पाट रिकामा न्हाई."

नवखा माणूस दचकून मागे बघायचा. पाटावर कुणी नसायचं. पाटासमोर एक सूप असायचं, सुपात मूठभर तूरडाळ आणि सुपाच्या कडेला वेचून ठेवलेले खडे.

कुरुंद्याचा एक हळदवाला एकदा बोलण्याच्या नादात त्या पाटावर बसलाच. बसला तसा उठला आणि बाकीचा सगळा अर्ज त्यानं उंबऱ्यावर बसून सांगितला. नंतर माझ्या दुकानात पाणी प्यायला आला तेव्हा म्हणाला, "अप्पा, त्या पाटाखाली इस्तव ठेवता का काय? ऊन लागला मला."

"उन्हं आली असतील," मी म्हटलं.

"तिकडं खिडकीच न्हाई," तो म्हणाला, आणि तांब्या खाली ठेवून गेला.

मी कळमनुरीचा वाणी. मीठमिरची, गूळ, डाळ विकणारा माणूस. भुताखेतांवर विश्वास ठेवला तर अमावास्येला दुकान बंद ठेवावं लागेल, म्हणून मी ठेवत नाही. पण माझ्या दुकानाची मागची भिंत ही किसनरावांच्या माजघराची भिंत. मातीची भिंत, तिला कान असतात म्हणतात. माझा अनुभव असा की तिला तोंडही असतं.

किसनराव तहसील कचेरीबाहेर चिंचेखाली बसून अर्ज लिहायचे. तेव्हा आमची मोगलाई, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि शेतकऱ्याला तर मराठी अक्षरसुद्धा म्हशीसारखं काळंच दिसायचं. त्यामुळे किसनरावांना काम भरपूर. त्यांची खोड एकच, अर्जात गोष्ट घुसायची. एका म्हातारीची म्हैस कोंडवाड्यात गेली होती. "म्हैस सोडावी" एवढंच लिहायचं. किसनरावांनी म्हशीच्या आईपासून सुरुवात केली. तिची आई पुरात कशी वाहून गेली, ही पारडी कशी वाचली, म्हातारीनं तिला चिंधीनं दूध पाजून कसं वाढवलं. तहसीलदारसाहेबांनी म्हैस तर सोडलीच, वर किसनरावांना आत बोलावून विचारलं, "अर्जनवीस, आगे क्या हुआ?"

"पुढं काही न्हाई, साहेब," किसनराव म्हणाले. "अर्ज संपला."

अर्ज त्यांचे नेहमी संपायचे. गोष्टी मात्र संपायच्या नाहीत. घरी ते मराठीत गोष्टी लिहीत, अर्जाच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर. त्यातल्या दोन-चारच पुऱ्या झालेल्या. बाकीच्या अर्धवट, जुन्या लुगड्याच्या फडक्यांत बांधून खुंट्यांवर टांगलेल्या. माजघरात शिरलं की वटवाघळं टांगल्यासारखे ते बस्ते दिसायचे.

त्या अर्धवट राहण्याचं कारण म्हणजे गोदावहिनी, त्यांची बायको.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. किसनराव जेवढं लिहीत तेवढं दुपारी वाचून दाखवत आणि गोदावहिनी त्या पाटावर बसून डाळीतले खडे वेचत हुंकार देत. वहिनींचं माहेर पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात. बाई बोलायला तिखट. गोष्ट आवडली तर हुंकार गळ्यातून यायचा, नाही आवडली तर नाकातून. आणि अगदीच पटलं नाही तर बंद.

"काहून थांबलीस?" किसनराव विचारायचे.

"तुमचा पाटील आंधळा हाय आन् घोड्यावर बसून एकटा कुठं चालला?" वहिनी म्हणायच्या. "मले न्हाई पटत."

झालं. आंधळा पाटील घोड्यासकट खुंटीवर. एक तांबोळी होता, तो राजाच्या दारात पानाचा विडा हातात धरून खुंटीवर. एका विहिरीत रोज तिन्हीसांजेला घंटा वाजायची. ती कोण वाजवतं हे सांगायच्या आधीच वहिनींना जांभई आली, म्हणून तीही खुंटीवर. मी भिंतीपलीकडून हे सगळं ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बरं झालं, बाईला अक्कल आहे.

वहिनींची माझ्यावर मात्र खुन्नस होती. कारण डाळ माझ्या दुकानची आणि खडेही माझ्याच दुकानचे. "अप्पा, डाळ इकून राहिले का नदीचा काठ?" असं त्या भर बाजारात विचारायच्या.

मग वहिनी तापानं गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आमच्या पार्वतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांची शेवटची ओटी भरली. तेराव्यानंतर किसनराव चिंचेखाली जाऊन बसले आणि अर्ज लिहू लागले. ते अर्ज मात्र एकदम कोरडे. म्हैस सोडावी, एवढेच.

काही महिन्यांनी ते डाळ घ्यायला दुकानात आले. वहिनींच्या आठवणीनं मला लाज वाटत होती, म्हणून मी आतलं पोतं सोडलं. त्या डाळीत एक खडा नव्हता.

किसनरावांनी मूठभर डाळ हातात घेऊन पाहिली आणि परत पोत्यात टाकली. "ही नको, अप्पा. खड्याची द्या."

"खड्याची कशाला?"

"साफ डाळ दिली तर ती दुपारभर काय करील? तकलीफ होती रिकामं बसायची."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते काही थट्टा करत नव्हते. मी खड्याची दिली.

त्याच दुपारी भिंतीपलीकडून वाचण्याचा आवाज आला. आंधळा पाटील घोड्यावर बसला होता. मला ती गोष्ट पाठ होती. पाटील वेशीतून निघाला, ओढ्यापर्यंत आला, आणि जिथं पूर्वी थांबला होता तिथंच थांबला. दुसऱ्या दिवशी तांबोळी. तिसऱ्या दिवशी विहीर. जुने बस्ते एकेक करून खाली उतरत होते, आणि प्रत्येक गोष्ट पूर्वी तुटली होती तिथंच पुन्हा तुटत होती. एक अक्षर पुढे नाही. वाचून झालं की बस्ता पुन्हा खुंटीवर.

आणि मध्येमध्ये सूप वाजायचं.

पहिल्यांदा मी म्हटलं, घूस असेल. मातीच्या घरात घुशी असतातच. पण घूस डाळ खाते, पाखडत नाही. मग मी म्हटलं, किसनरावच पाखडत असतील. पण वाचताना त्यांचे दोन्ही हात कागदाला लागायचे, डोळे अधू झाल्यामुळे कागद नाकाशी धरावा लागायचा. एका दुपारी मी गूळ फोडत होतो आणि पार्वती पोती शिवत होती. भिंतीपलीकडे पाटील ओढ्याच्या उतारावर आला आणि कुणीतरी म्हणालं, "हूं."

पार्वतीची सुई थांबली.

"नाकातून हाय," ती हळूच म्हणाली. "वहिनींचाच हाय."

"त्यांना पडसं झालं असेल," मी म्हटलं आणि गूळ जोरात फोडायला लागलो. गुळाच्या भेलीचा पार चुरा झाला, पण भिंतीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पार्वतीची तक्रार निराळीच होती. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. आमच्या पोरांचा मामा, म्हणजे पार्वतीचा भाऊ, शिरड शहापूरला राहतो. तो दिवाळीला यायला निघाला, गाडीत झोपला, आणि बैलांनी त्याला नेऊन सोडला कुरुंद्याला. इथं फराळाची ताटं वाट बघताहेत आणि मामा तिकडे अनोळखी माणसांच्या ओट्यावर लाडू खातोय. पार्वती तणतणत शेजारी गेली.

"किसनदादा, गोष्टी सांगायच्या तर दिवेलागणीनंतर सांगा. माझ्या भावाची वाट लावून राहिले तुमी."

"दिवेलागणीनंतर हिला झोप येती," किसनराव पाटाकडे बघत म्हणाले. पार्वती आली तशी परत आली. त्या दिवशी तिनं पाटासमोर हात जोडले होते, हे मला फार दिवसांनी कळलं.

मला मात्र राग यायचा. माणसानं एकतर काम पुरं करावं, नाहीतर टाकून द्यावं. उघडं पोतं आणि अर्धी गोष्ट, दोन्हींना उंदीर लागतात. एकदा मी त्यांना तसं बोललोही. म्हटलं, एवढे कागद काढता, वाचता, पुन्हा बांधून ठेवता. एखादी गोष्ट पुरी करून टाका की. नांदेडला छापखाना आहे म्हणतात.

किसनरावांनी कलम दौतीत ठेवली. "अप्पा, गोष्ट पुरी झाली की ऐकणारा काय करतो?"

"काय करतो? उठतो आणि आपल्या कामाला लागतो."

"बराबर. ज्या दोन-चार पुऱ्या झाल्या, त्यांच्यातून ती उठून गेली. त्या वाचल्या तर घर गप राहतं. मी वाचून बघितल्या." त्यांनी खुंट्यांकडे बोट केलं. "अर्ध्यांतून ती अजून उठली न्हाई."

पुढच्या वेळी ते दुकानात आले तेव्हा मी पावशेर डाळ जास्त बांधली. खड्याचीच.

पुढे तो उन्हाळा आला. आमच्या मोगलाईत दिवस फिरले. रोज कुठल्या तरी जळत्या गावाचा धूर दिसायचा, बाजार भरेनासा झाला, आणि ज्याला जमेल तो पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जाऊ लागला. पार्वतीचा भाऊ आधीच पलीकडे गेला होता. ठरलेल्या दिवशी तो नदीच्या पल्याडच्या काठावर आमची वाट बघणार होता. मेंढरं विकून बैलगाडी घेतलेला सखाराम नावाचा आमचा ओळखीचा गडी होता, त्याची गाडी ठरवली. गाडीत किसनरावांची जागा धरलेली होती.

आदल्या दिवशी सकाळी सांगायला गेलो तर ते म्हणाले, "तुमी जा. मी न्हाई येत."

"इथं राहून जीव द्यायचाय का?"

"तिला इथं ठेवून कसा येऊ?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मेलेल्या माणसाचं कोण काय करणार आहे, जिवंत माणसाची काळजी करा. माझा आवाज चढला तशी पार्वती आली. तिनं मला बाजूला सारलं.

"वहिनींना घ्या की संगं. गाडीत जागा करू."

"ती उठेल तवा ना," किसनराव म्हणाले. "गोष्ट पुरी झाल्याबिगर ती पाट सोडायची न्हाई. तुमाला ठाऊक हाय तिचा सोभाव."

"मग करा की पुऱ्या," पार्वती म्हणाली. "उद्या पहाटे गाडी जुपायची हाय. बसा."

मी सबंध आयुष्यात असली दुपार पाहिली नाही. पार्वती आमच्या घरात भाकऱ्या बडवत होती, मी किसनरावांच्या उंबऱ्यावर बसून पोती आवळत होतो, आणि किसनराव एकेक बस्ता सोडून वर्षानुवर्षं ताटकळलेल्या माणसांना वाटेला लावत होते. त्यांचा घाम कागदावर पडत होता. ओढ्याशी उभ्या असलेल्या पाटलाला दिसायला लागलं, घरी येऊन त्यानं बायकोचं तोंड पाहिलं, आणि पुन्हा आंधळं करायला काय घेशील म्हणून देवाला विचारलं. सुफळ संपूर्ण. तांबोळ्याच्या हातातला विडा तोवर वाळला होता, तो त्यानं स्वतःच खाल्ला. सुफळ संपूर्ण. विहिरीतली घंटा कोण वाजवतं ते एका माणसाला कळलं, पण त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि गाव सोडून गेला. सुफळ संपूर्ण.

गोष्टी भिकार होत होत्या, हे मलासुद्धा कळत होतं. पण प्रत्येक गोष्टीला शेवटी सूप एकदा वाजायचं. किसनराव कान देऊन ऐकायचे, "उठली," म्हणायचे आणि पुढचा बस्ता घ्यायचे. मी आत बघितलं नाही. पोती आवळायचं काम बाहेरच होतं.

दिवस कलला तेव्हा एकच बस्ता उरला. वहिनींच्या हिरव्या लुगड्याचा. किसनरावांनी तो सोडला, वाचला, आणि कागद मांडीवर ठेवला.

गोष्ट एका बाईची होती. बाई खूप वर्षांनी माहेराला निघाली आहे. नदीशी आली तर नदीला पाणी, आणि नाव पलीकडच्या काठाला. बाई हाक मारते आहे.

"इथं तिचा हुंकार थांबला व्हता," किसनराव म्हणाले. "मी म्हटलं, आता काय पटलं न्हाई? तर म्हनली, मले बी जायचं हाय माहेराले. मी म्हटलं, एवढी गोष्ट पुरी होऊ दे, मी सोता पोचवतो. त्याच राती ताप चढला."

त्यांनी कलम उचलली आणि पुन्हा ठेवली. "ही न्हाई व्हायची, अप्पा. ही पुरी झाली की ती कायमची उठली."

पार्वती पिठाच्या हातानं दारात उभी होती. ती म्हणाली, "असू द्या. ही तशीच घ्या. पाट बी घ्या."

पहाटे गाडी निघाली. गाडीत आमची पोरं, भांडी, दोन पोती, आणि मधोमध तो पाट. पाटावर काही ठेवायचं नाही. मी, धडधाकट माणूस, जागा नाही म्हणून गाडीमागून चालतोय, आणि रिकामा पाट आरामात गाडीत. सखारामला हे पटत नव्हतं, पण तो भित्रा होता. त्यानं पाटाला पाठ करून गाडी हाकली.

ऊन वर आलं तेव्हा पैनगंगा लागली. उन्हाळ्यातली नदी, वाळूच फार, मधोमध गुडघाभर धार. पलीकडच्या काठावर मामा असायला हवा होता, पण काठ रिकामा होता. सखारामनं बैल पाण्यात घातले आणि धारेच्या ऐन मध्यावर चाकं रुतली.

गाडीतले सगळे उतरले. पोरं उतरवली, पोती खांद्यावर पलीकडे नेली, भांडी नेली. गाडीत पाट तेवढा राहिला. सखारामनं बैलांच्या शेपट्या पिळल्या, मी चाकाला खांदा दिला. बैल गुडघ्यावर आले, पण रिकामी गाडी बोटभर हलली नाही. ती भरल्या गाडीसारखी पाण्यात खचत चालली होती.

सखाराम पाटाकडे न बघता म्हणाला, "अजून कोन बसलंय गाडीत?"

मी पुन्हा चाकाला खांदा दिला. मागच्या बाजूला, आम्ही आलो तिकडे, आभाळात धूर चढत होता.

किसनराव धोतर भिजवत गाडीच्या मागल्या बाजूला आले आणि पाटासमोर उभे राहिले. हिरवा बस्ता त्यांच्या काखेत होता, तो त्यांनी सोडलासुद्धा नाही.

"नाववाल्याला हाक ऐकू गेली न्हाई," ते म्हणाले. "बाईनं लई वाट बघितली. मग म्हनली, नाव नको. मी चालतच जाते."

ते थांबले. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"हूं."

तो हुंकार कुणी दिला यावर आमच्यात अजून वाद आहे. सखाराम म्हणतो मी दिला, मी म्हणतो सखारामनं दिला. पार्वती काहीच म्हणत नाही. पण तो नाकातून नव्हता, गळ्यातून होता, एवढं तिघांनाही मान्य आहे.

"तिनं लुगड्याचा काठ उचलला," किसनराव सांगू लागले. "पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. गार व्हतं. पलीकडं तिची माय दारात उभी व्हती. एका हातात भाकरीचा तुकडा, एका हातात पाण्याचा तांब्या. मायनं तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. म्हनली, किती उशीर केलास गं बाई. आन् बाई घरात गेली."

शेवटचे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. ओठ हलत होते. पार्वती त्यांच्या शेजारी पाण्यात येऊन उभी राहिली. "म्हना, दादा," ती म्हणाली. "माहेर लागलं त्यांचं. उतरू द्या."

"सुफळ," किसनराव म्हणाले. मग फार वेळानं, "संपूर्ण."

गाडीची मागली बाजू वर उचलली गेली, कुणी उतरल्यावर उचलते तशी. बैलांनी एवढा जोर लावला होता की ते पुढे कोलमडले, आणि गाडी सूपभर वजन नसल्यासारखी पाणी उडवत पलीकडे गेली. बैलांना मध्ये दम मिळाला होता म्हणून गाडी निघाली, असं मी लोकांना सांगतो. सखाराम असं सांगत नाही.

पलीकडे मामाचा पत्ता नव्हताच. तो वाट चुकून भलत्याच उतारावर जाऊन बसला होता, हे संध्याकाळी कळलं. आम्ही बाभळीच्या सावलीत त्याची वाट बघत राहिलो. पोरं झोपली. किसनराव वाळूत पाय पसरून नदीकडे बघत होते. तो माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारा दिसला. त्यांच्या कागदांचे बाकीचे बस्ते मागे राहिले होते, आणि जगात त्यांचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. सांत्वन करणं मला येत नाही. मला फक्त डाळ तोलता येते.

बऱ्याच वेळानं त्यांनी गाडीतून पाट काढला, उपरण्यानं पुसला आणि माझ्यासमोर वाळूत मांडला.

"बसा, अप्पा."

मी पार्वतीकडे बघितलं.

"बसा," किसनराव म्हणाले. "पाट रिकामा हाय."

मी जपून बसलो. पाट गार होता. किसनराव माझ्यासमोर वाळूत बसले. मग नदीकडे बघतच म्हणाले, "एक अर्जनवीस व्हता."

पार्वती काहीतरी बोलणार होती, ऊन अजून डोक्यावर होतं, पण ती गप्प बसली. तिचा भाऊ चुकायचा तो चुकलाच होता.

"त्याच्या शेजाराला," किसनराव म्हणाले, "एक वाणी राहायचा. लई खडे घालायचा डाळीत."

ते थांबून माझ्याकडे बघू लागले.

"हूं," मी म्हटलं.